मास्तरांच्या कोटाचं अस्तर

आमच्या गल्लीत सगळ्यात झोकात राहणारा माणूस कोण, असं विचारलं तर शेंबडं पोरगंही शिंप्याच्या दुकानाकडे बोट दाखवायचं. तिथं मास्तर मशीनवर वाकलेले असायचे. गळ्यात मापाची टेप, कानावर चपटा खडू आणि अंगात राखी कोट. कोट असा की माशी बसली तर घसरून पडावी. उन्हानं रस्त्यावरचं डांबर पातळ होऊ दे, पंखा बंद पडू दे, मास्तर कोट काढत नसत. त्यामुळे गल्लीचा पक्का समज होता की मास्तर बक्कळ कमावतात. ज्याच्या अंगावर रोज कोट, त्याच्या घरात काय कमी?

घरात काय कमी ते घरातल्यांना विचारावं. दुकानाच्या मागं एक खोली आणि तिच्याच एका कोपऱ्यात चूल. शिवून झालेले कपडे दुकानात टांगायला जागा नसायची, म्हणून ते खोलीत यायचे. मग दोरीवरच्या परक्या पँटींच्या पायांतून वाट काढत घरची माणसं जेवायला बसायची. घाईच्या दिवसांत मास्तरीणबाई नवऱ्याशी बोलायच्या त्या कुणाच्या तरी ओव्हरकोटाच्या आडून.

"अहो, तुमचं तोंड बघून आठवडा झाला," त्या म्हणायच्या.

"तेच आहे. काही बदल केलेला नाही," पलीकडून मास्तर.

आता त्या कोटाचं सांगतो. वरचं कापड कुणा प्रवाशानं शिवायला टाकलं आणि तो परत फिरकलाच नाही. वाट बघून बघून मास्तरांनी ते आपल्या मापाला लावलं. वरचं झालं, पण आत अस्तर हवं, आणि अस्तर फुकट कोण देतो? ते मास्तरीणबाईंनी हातानं जोडलं, तुकडा तुकडा करून. हे तुकडे कुठले? गिऱ्हाईक कापड टाकताना हमखास विचारायचं, "मास्तर, काही उरेल का?" मास्तर कापड बोटांत चोळायचे, उजेडाकडे धरायचे आणि फार वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणायचे, "हातरुमालापुरतंही नाही." आणि उरायचं. हातरुमालापुरतं तर नक्की उरायचं. कात्रीखाली जे पडतं ते शिंप्याचं, हा धंद्यातला रिवाज मास्तरांना त्यांच्या मामानं शिकवला होता. गिऱ्हाइकांना तो कुणी शिकवला नव्हता, म्हणून कोट अंगावरून उतरत नव्हता.

एकदा कुठल्याशा कचेरीतल्या एक मॅडम आल्या. जांभळं सॅटिन, त्याचा लांब स्कर्ट हवा. "आणि बाजूला एक खिसा ठेवा हं. रुमाल कुठं ठेवायचा, हा प्रश्नच असतो." मास्तरांनी टेप लावली, मान हलवली. "खिशाला कापड पुरत नाही, मॅडम." मॅडमनी बिनखिशाचा स्कर्ट नेला. पुढं दोनदा त्या तो सैल करून घ्यायला आल्या, तेव्हाही हातात रुमाल.

मामानं शिकवलेला दुसरा रिवाज म्हणजे माया. शिंप्याच्या भाषेत माया म्हणजे मापाबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. शिवण घातली की ते आत दुमडून राहतं. अंग सुटलं की शिवण उसवायची आणि कपडा वाढवून द्यायचा. या बाबतीत मास्तरांचा हात सढळ. दुसरे शिंपी बोटभर सोडायचे, मास्तर दोन बोटं. "मोठं झालेलं लहान करता येतं हो," ते म्हणायचे, "लहान कापलेलं मोठं करायला कुणाच्या बापाला जमत नाही."

हे खूळ कपड्यापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. मास्तरांनी ते सगळ्या संसाराला लावलं. बूट घ्यायचे ते एक माप मोठे, पुढं कागद कोंबून. गाडी दुपारची असली तर सकाळीच फलाटावर. एकदा खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं विचारलं, दिवसाला सिगारेटी किती? मास्तर ओढायचे दोन, सांगितल्या चार. न ओढलेल्या दोन सिगारेटींबद्दल गपगुमान शिव्या खाऊन घरी आले.

"खरं सांगायला काय झालं होतं?" मास्तरीणबाई.

"एखादी मोजायची राहिली असेल तर?"

असे मास्तर. त्यांना दोन पोरं. थोरला हुशार होता, पण त्याच्या वेळी सरकारी कॉलेजात फीची सवलत फक्त अगदी फाटक्या घरांना मिळायची. मास्तरांची कमाई त्या रेषेच्या जरा वर. म्हणजे सवलतीच्या हिशेबानं ते सुखवस्तू, आणि फीच्या हिशेबानं कंगाल. थोरल्यानं मालाची गाडी चालवायला घेतली, आणि तो आता दूर कुठं तरी संसार करतो. धाकटी पोरगी. तिला सगळे टाचणी म्हणत, कारण अंगानं तशी आणि जिभेनंही तशीच. तिनं एकदा मास्तरांच्या ट्रंकेतून लोकरीचं कापड खाणारी कसर डबीत धरली, आणि तिला मारायचं सोडून महिनाभर बघत बसली. अळी काय खाते, कशी कोश करते, पाकोळी होऊन कुठं उडते. मास्तर आयुष्यभर त्या बेण्याच्या नावानं डांबराच्या गोळ्या ठेवत आलेले, आणि पोरीनं बारावी होताच जाहीर केलं, "मी कीटकांचा अभ्यास करणार."

"त्या किड्यांचा?" मास्तर म्हणाले. "अगं, त्यांनी माझी लोकर खाल्ली."

"म्हणूनच बाबा. कुणी तरी त्यांना जाब विचारायला हवा ना?"

मार्क बक्कळ पडले. सरकारी कॉलेजात नाव लागलं. फीचा आकडा बघून मास्तर नुसते टेपशी खेळत राहिले. अशा वेळी समोरचा न्हावी अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून, ब्रश हातात घेऊन रस्ता ओलांडून आला.

"मास्तर, रेडिओ ऐकलास का?"

"मशीनच्या आवाजात काय ऐकू येणार?"

"सरकारनं फीच्या सवलतीची रेषा वर नेली. आपल्यासारखे दुकानवालेही बसणार त्यात. तुझ्या पोरीचं काम झालं!" मग कोटाकडे बघून, "म्हणजे, तू बसत असशील तर. तुझं काय बाबा, तू पडलास कोटवाला."

"बसतो, बसतो," मास्तर म्हणाले, आणि न्हाव्याचं गिऱ्हाईक तिकडून ओरडलं, "अरे, इकडचा गाल वाळला!"

आणि खरोखर बसत होते. टाचणीनं कागद पेन्सिल घेऊन वर्षाची कमाई मांडली, ती नव्या रेषेच्या चांगली खाली आली. थोरल्याच्या वेळी जे हुकलं ते आता हातात. मास्तरीणबाईंनी त्या दिवशी दोरीवरचे सगळे कपडे एका बाजूला सारले आणि घरच्यांनी एकमेकांची तोंडं बघत जेवण केलं.

कॉलेजात सवलतीसाठी वेगळी खिडकी होती. मागं चष्मेवाला कारकून संगणकावर टकटक करत बसलेला. टाचणी प्रवेशाच्या रांगेत अडकली म्हणून या खिडकीला मास्तर एकटेच उभे राहिले. पोरगी बजावून गेली होती, "बाबा, आकडा पाठ आहे ना?" पाठ होता.

"वर्षाची कमाई?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं, आणि तोंडातून मामा बोलला. एखादी शिलाई धरायची राहिली असेल तर? कमी सांगितलं आणि उद्या जास्त निघालं तर खोटं ठरणार. जास्त सांगितलं तर कमी करता येईलच की. शिवाय त्या कात्रीखालच्या तुकड्यांची टोचणी होतीच. ते कशात धरायचे? मास्तरांनी खऱ्या आकड्याला माया सोडली. ती बोटभर नाही, चांगली हातभर. कारकुनानं टकटक केलं, संगणक जरा थबकला आणि लाल अक्षरं उमटली.

"तुम्ही बसत नाही."

"कसा बसत नाही?"

"रेषेच्या वर आहात." आता त्यानं मान वर केली आणि कोट बघितला. "आणि खरं सांगू का काका, दिसतही नाही तसे."

घरी टाचणीनं बापाला मशीनसमोर बसवून उलटतपासणी घेतली.

"काय सांगितलंत?"

मास्तरांनी सांगितलं.

"हा आकडा आला कुठून?"

"जरा माया ठेवली."

खोलीतून ओव्हरकोटाच्या आडून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "डॉक्टरला सिगारेटी, सरकारला पैसे! उद्या यमाला वय सांगताना तरी खरं सांगा, नाहीतर लवकर नेईल."

"कमी करता येईल ना पण?" मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा शाळेत पाटी फुटलेल्या पोरासारखा झाला होता.

"हा काय पायजमा आहे, बाबा?"

पण पोरगी रडत बसणारी नव्हती. फेरतपासणीची सोय असते, हे तिनं शोधून काढलं. बँकेचं पुस्तक, कापडबाजारातल्या पावत्या, दोऱ्याच्या रिळांच्या पावत्या, विजेची बिलं, सगळं निगुतीनं लावलं. फेरतपासणीचा दिवस मिळाला तो नेमका फी भरायच्या मुदतीच्या आदल्या दिवशीचा. तिथं सवलत नाकारली तर कॉलेजातली जागा पुढच्याला. मग टाचणीनं काय करायचं तेही ठरलेलं होतं. मागच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात काउंटरवर पोरगी हवी होती.

सवलत कक्षाच्या दारात दोघं पोचली. दार अर्धं उघडं होतं. मास्तरांनी आत डोकावलं आणि दोन पावलं मागं आले.

"टाचणे, आपण उद्या येऊ."

"उद्या मुदत संपते. काय झालं?"

"आत त्या मॅडम आहेत."

"कुठल्या?"

"जांभळ्या."

टाचणीनं नकळत बापाच्या कोटाकडे बघितलं. अस्तर जोडताना आईच्या सुईत दोरा ओवून तिनंच दिला होता. आतला छातीवरचा खिसा कशाचा आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"गुंड्या लावा," ती म्हणाली. "सगळ्या."

मॅडम हसून म्हणाल्या, "अरे, मास्तर तुम्ही! बसा. पंखा बंद पडलाय आमचा. कोट काढून बसा मोकळे."

"नको, सवय आहे," मास्तर म्हणाले, आणि घामाचा एक ओघळ टेपच्या वाटेनं खाली गेला.

चष्मेवाला कारकूनही बाजूला बसला होता. मॅडमनी कागद चाळले. "मुलीनं छान लावलंय सगळं. या कागदांप्रमाणे तुम्ही सवलतीत बसता. पण मास्तर, खिडकीवर तुम्ही एक आकडा सांगितलात आणि आता निराळाच सांगताय. आकडे फिरवणाऱ्याचा अर्ज फेटाळायचा, असा नियम आहे. सवलत वाढवली तशी लबाडीही वाढू नये म्हणून. तेव्हा मला एवढंच कळू द्या, पहिला आकडा आला कुठून?"

मास्तरांनी घसा साफ केला. "माया, मॅडम."

"काय?"

"कापताना सोडतो ती. तुमच्या स्कर्टाला नाही का सोडली? म्हणून तर दोनदा सैल करता आला."

मॅडमनी कारकुनाकडे चोरून बघितलं. "बरं, बरं. ते इथं सांगायलाच हवं होतं का?"

"दाखला म्हणून सांगितलं. तशीच सवय लागली, बघा. मोठं सांगितलं तर आत घेता येतं, असं वाटलं."

मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला. दोनदा सैल झालेल्या स्कर्टची साक्ष त्यांना पटत असावी. पण कारकून मध्येच म्हणाला, "मॅडम, सवलत मागायला आलेला माणूस कमाई वाढवून कशाला सांगेल? तो कोट बघा. मला सरकारी पगार आहे, माझ्याकडे नाही असा. आधी खरं बोलून गेले आणि आता कमी करतायत, असं का नसेल?"

मॅडमनी कोट बघितला. हातातलं पेन त्यांनी टोपण लावून खाली ठेवलं.

पेन खाली गेलेलं टाचणीनं बघितलं. ती नुसती बापाकडे वळली. एरवी चुरूचुरू चालणारी तिची जीभ गप्प बघून मास्तरांना काय वाटलं असेल ते असो. त्यांनी वरची गुंडी काढली. मग मधली. मग खालची. कोट उतरवला, बाही धरून उलटा केला आणि टेबलावर, मॅडमसमोर पसरला.

काय ते अस्तर! पिवळ्या फुलांचा पडदा, त्याला शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा, त्याला कुणाच्या सोफ्याची वेलबुट्टी, न्हाव्याच्या ॲप्रनचा पट्टा, बाळंतपणाच्या गाऊनचे ठिपके. अख्खी गल्ली तिथं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. टाके मात्र असे बारीक की शोधावे लागावेत.

"हा कोट आहे बाहेरून," मास्तर म्हणाले. "आणि मी आहे हा आतून. वरचं कापड एक जण विसरून गेला. आतलं कुणाच्या बापाचं नाही, म्हणजे, सगळ्यांच्या बापाचं आहे."

"अहो, हा चौकडा माझा!" कारकून खुर्चीतून उठला. "माझ्या शर्टाचा! तुम्ही म्हणाला होतात की..."

"हातरुमालापुरतंही नाही," मास्तर म्हणाले.

मॅडमचं बोट अस्तरावरून सरकत सरकत छातीपाशी आलं आणि थांबलं. तिथं जांभळ्या सॅटिनचा खिसा होता. चांगला खोल.

"मास्तर, मी खिसा मागितला होता."

"मागितला होता."

"तुम्ही म्हणालात, कापड पुरत नाही."

"म्हणालो होतो."

"मग हे काय आहे?"

मास्तरांनी त्याकडे नीट बघितलं, जणू पहिल्यांदाच दिसतंय. "खिसा आहे, मॅडम."

कारकुनाला ठसका लागला. मॅडम काही हसल्या नाहीत.

"हे सगळं कमाईत धरलं होतं का?" मॅडमनी विचारलं.

"कशात धरायचं तेच कळेना," मास्तर म्हणाले. "म्हणून तर माया जास्त सोडली. म्हटलं, कुणाचं काही राहिलं असेल तर ते त्यात येऊन जाईल."

एवढं ऐकलं आणि मॅडम फुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि डोळे पुसायला रुमाल कुठंय म्हणून शोधायला लागल्या, तो हातातच होता. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"लिहा हो," त्या कारकुनाला म्हणाल्या. "अर्जदाराच्या पालकाचा खुलासा ऐकला. पुराव्यानिशी पटला. सवलत मंजूर." सही केली, शिक्का मारला आणि कोट मास्तरांकडे सरकवला. "आणि खिसा माझ्या स्कर्टाला लागलेला हवा. कापड पुरत नाही असं म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," मास्तर म्हणाले. "पण शिलाई पडेल."

"बाबा!" टाचणीनं त्यांना कोपरानं ढोसलं.

"नाही पडणार," मास्तर म्हणाले.

कारकून गल्लीपासून फार लांब राहत नव्हता. दुसऱ्या दिवशी कोटाची गोष्ट न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत पोचली, आणि तिथं पोचली की ती गावभर झाली असंच धरायचं. न्हावी थेट दुकानात आला. "मास्तर, माझा पट्टा दे." मास्तरांनी उसवून दिला. त्यानं तो घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "आता हा मी कुठं लावू? राहू दे तुझ्याकडेच." सगळेच असे मोठ्या मनाचे निघाले नाहीत. सोफेवाली बाई आपली वेलबुट्टी घेऊन गेली आणि वर भांडून गेली. आता गिऱ्हाइकं उरलेले तुकडे मोजून मागतात, आणि मास्तर मुकाट देतात. एक मात्र चांगलं झालं. उकाड्यात मास्तर सदऱ्यावर बसायला लागले. मास्तरीणबाई म्हणतात, निम्मा माणूस कोटातच असायचा, आता अख्खा दिसायला लागला.

टाचणी कॉलेजात जाते. परवा संध्याकाळी ती दारातूनच ओरडत आली, "बाबा, लोकरीचा एक तुकडा हवा!"

"कशाला?"

"प्रयोगशाळेत कसरीच्या अळ्या पाळल्यात. त्यांना खायला."

मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. सरकार फी भरतं ती किड्यांना लोकर चारायला, हे त्यांना अजून नीटसं पचलेलं नाही. "हातरुमालापुरतंही नाही," ते सवयीनं म्हणाले.

"ट्रंकेत खाली आहे, कोटाची उरलेली," ओव्हरकोटाच्या आडून आवाज आला.

मास्तरांनी कुरकुरत ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्या बाजूला सारल्या. राखी लोकर काढली, झटकली, मेजावर पसरली. "केवढा?"

टाचणीनं तळहात दाखवला. मास्तरांनी खडूनं तळहाताएवढी रेघ मारली, जरा मागं सरकून बघितलं, आणि त्या रेघेच्या बाहेर दोन बोटं सोडून दुसरी रेघ मारली.

"एवढा कशाला, बाबा?"

"अळी आहे ना?" मास्तर कात्री चालवत म्हणाले. "वाढेल."